लिंक कुणाच्या हाती

"सर, लिंक एकाला पाठवली आणि दोघं कसे जोडले गेले?" वैशालीने स्क्रीनवर बोट ठेवलं. दुसरा माणूस माझ्यामुळे आला होता.

रोह्याच्या एका स्कॅन सेंटरमध्ये मी बावीस वर्षं टेक्निशियन आहे. त्या दुपारी पेणकडचे एक मिठागर कामगार रोह्याजवळच वरशाला बहिणीकडे आले असताना शिडीवरून पडले. डोक्याचा सीटी झाला. ऑपरेशन लागेल का, ते पेणला रामवाडीत बसणारे मेंदूचे सर्जन ठरवणार होते आणि त्यांना मूळ इमेज हव्या होत्या. नेमका इमेज पाठवायचा आमचा सर्व्हर बंद. मेलसाठी फाइल जड. मोबाइलवर काढलेल्या फोटोत बारीक रक्तस्राव दिसत नाही.

वैशाली जिते गावाहून येते, आमच्याकडे लागून वर्षच झालेलं. तिने ब्राउझरमधून थेट फाइल पाठवायची एक साइट उघडली. यात फाइल मधे कुठे साठत नाही, आपल्या कॉम्प्युटरवरून सरळ समोरच्याच्या कॉम्प्युटरवर जाते. आपली टॅब उघडी असेपर्यंतच लिंक चालते. मी म्हटलं, कर सुरू. तिने आधी नियमांचं पान वाचलं. फाइल पाठवायचा हक्क आपल्याकडे हवा, आणि लिंक कुणाकडे जाते ही जबाबदारी आपली, साइटवाल्यांची नाही, असं त्यात होतं.

म्हणून ती आधी आमच्या डॉक्टरांना विचारून आली, मग पेशंटच्या बायकोला. ती बाई म्हणाली, "पाठव गो बाय. पन गावात बोभाटा नको. लेकीची सोयरीक चाललीय."

वैशालीने लिंक सर्जनना पाठवली. ते लगेच बघतील की नाही, या काळजीने मी तीच लिंक ते असलेल्या डॉक्टरांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरही टाकली.

दोघं जोडलेले दिसताच तिने टॅब बंद केली. फाइल जेमतेम सुरू झाली होती. मी चिडलो. "अगं, आता परत पहिल्यापासून?"

"व्हय सर. प्रत्येक इमेजवर त्यांचं नाव हाय."

मी ग्रुपचं सांगून टाकलं. तिने फक्त तो मेसेज काढायला सांगितलं. नवी लिंक केली, पासवर्ड लावला, तो सर्जनना फोनवर सांगितला. फाइल जाईपर्यंत त्या कॉम्प्युटरला कुणाला हात लावू दिला नाही. शेवटी त्यांच्याकडून इमेज किती आल्या ते मोजून घेतलं आणि मगच टॅब बंद केली.

थोड्या वेळाने सर्जनचा फोन आला. रक्तस्राव लहान होता. ऑपरेशन नको, रोह्यातच देखरेखीखाली ठेवा. चौथ्या दिवशी ते गृहस्थ चालत घरी गेले.

त्याआधी मी त्यांच्या बायकोला ग्रुपची चूक सांगितली. तिने माझ्याकडे पाहिलंच नाही, वैशालीला विचारलं, "गेलं का कुनाकडं?"

"नाय ताई, पूर्ण गेलंच नाय."

"मग ऱ्हावदे."

'मला मान्य आहे' हे बटण मी आजवर न वाचता दाबत आलो. आता बाहेर काही पाठवायचं असलं की आधी वैशालीला विचारतो. ती माझी ज्युनिअर आहे, पण ते फक्त हजेरीपटावर.