हिरव्या गाडीला मदत करणारे

दारात जुनी गाडी उभी असली की किस्से शोधायला कुठे जावं लागत नाही. येणारा प्रत्येक माणूस एक तरी देऊन जातो. मी विमा कंपनीत मोटार क्लेम बघते. डब्याच्या वेळी हे किस्से सांगते तेव्हा आमचा अख्खा विभाग पोट धरून हसतो. आता मीही हसते. पण घडत होते तेव्हा मी एकदाही हसले नव्हते, हे आधीच सांगून ठेवते.

गाडी माझ्या नवऱ्याची, मिलिंदची. खरं तर अर्धी त्याची आणि अर्धी त्याच्या धाकट्या भावाची, अजित भावोजींची. दोघांनी तरुणपणी महूच्या एका रिटायर्ड फौजी अफसराकडून घेतलेली. विलायती, दोन सीटची, उघड्या टपाची स्पोर्ट्स कार. रंग गडद हिरवा. कितीतरी वर्षं दोघं भाऊ रविवारी सकाळी तिच्यातून पोहे-जिलबी खायला जायचे. मग ती थकली, आणि चार वर्षांपूर्वी मिलिंदने ती पार स्क्रूपर्यंत उघडली. बॉडी झाली, इंजिन बांधून झालं, वायरिंग नवं झालं. "आता फक्त स्टार्ट करायची," असं तो म्हणाला आणि पुढच्याच आठवड्यात गेला. हार्ट. ऐन होळीच्या तोंडावर.

भावोजींना गाडीच्या शेडच्या जागी होमस्टेच्या खोल्या काढायच्या होत्या. उज्जैनला सिंहस्थ येतोय, आमच्या गल्लीत ज्याच्याकडे जिना आहे तो होमस्टे काढतोय! ते म्हणाले, "वहिनी, दसऱ्यापर्यंत गाडी स्वतःच्या जोरावर शेडबाहेर पडली, तर माझा हिस्सा सोडला. गाडी तुमची. नाही पडली, तर इंदूर रोडच्या एका रिसॉर्टवाल्याने मागितलीच आहे. लॉनवर ठेवणार म्हणतो."

"लॉनवर?"

"हो. डिकीत फुलझाडं लावणार."

मी कबूल केलं. सात महिने हातात होते.

*

सुरुवात चौदाव्या दिवशीच झाली.

मिलिंदने उरलेले सुटे भाग छोट्या-छोट्या बरण्यांत घालून, प्रत्येकीवर चिठ्ठी चिकटवून ठेवले होते. 'डावं दार, बिजागरी, फक्त वरचे स्क्रू.' 'उजवं दार, हे वेगळे आहेत, मिसळू नये.' अशा अडतीस बरण्या.

इंदूरहून आलेल्या माझ्या चुलत जाऊबाईंनी पाहिलं की घरभर साफसफाई चालली आहे आणि शेड तशीच राहिली आहे. मी वर झोपले होते. उठून खाली आले तर अडतीस बरण्यांमधला सगळा माल एका पिंपात, रॉकेलमध्ये बुडवलेला!

"सगळं एकत्रच धुऊन टाकलं," त्या म्हणाल्या. "किती तेलकट होतं गं! सुतक फिटलं, घर नको का स्वच्छ?"

"आणि चिठ्ठ्या?"

"त्या निघतच नव्हत्या मेल्या. गरम पाण्यात ठेवल्या, तेव्हा कुठे सुटल्या."

मी काही बोलले असते तर आमचं येणं-जाणं तिथेच संपलं असतं. रात्री जेवणानंतर त्यांनी पाहुण्यांना बांधून द्यायला चिवडा भरला. त्याच बरण्यांत.

जाताना मला म्हणाल्या, "बरण्या मात्र फार छान आहेत हं! अगदी एअरटाइट!"

*

बरण्यांमधला माल निदान घरात तरी होता. मिलिंदच्या मित्रांनी काय केलं ते ऐका.

शोकसभेनंतर त्याचे तीन मित्र शेडमध्ये गेले, गाडीपाशी उभे राहिले, डोळे पुसले. आणि जाताना प्रत्येकाने आठवण म्हणून एकेक वस्तू नेली. मला न विचारता. एकाने गिअरच्या दांड्याची लाकडी मूठ नेली. दुसऱ्याने हॉर्नचं बटण. तिसरे कॉलेजात प्रोफेसर. त्यांनी बॉनेट उघडून डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढलं आणि आतला रोटर नेला. बोटाच्या पेराएवढा तपकिरी तुकडा असतो तो. तो फिरतो म्हणून ठिणगी एकेका प्लगपर्यंत पोहोचते. तो नाही तर गाडी नाही.

तो गेलाय हे कळायलाच मला महिना लागला. प्रोफेसरांकडे गेले, तर रोटर शोकेसमध्ये, मखमलीवर!

"सर, हा द्या. याच्याशिवाय गाडी सुरू होणार नाही."

"वहिनी, तेवढंच तर राहिलंय हो त्याचं माझ्याकडे!"

"मी थांबते," म्हटलं आणि त्यांच्या सोफ्यावर बसले. पाऊण तास बसले. शेवटी त्यांनी तो काढला, रुमालात गुंडाळला आणि मुलीला हाक मारली. तिने आमचा फोटो काढला.

संध्याकाळी तो फोटो मिलिंदच्या मित्रांच्या ग्रुपवर होता. खाली लिहिलेलं: 'जिवलग मित्राची जपलेली ठेव वहिनींच्या स्वाधीन करताना.' बेचाळीस जणांनी हात जोडले होते!

*

रईस उस्ताद हे उज्जैनमधले जुन्या गाड्यांचे जाणकार. हात सोन्याचा. पण एक खोड. बाईशी गाडीबद्दल बोलायचं नाही! मी समोर उभी असायची, प्रश्न मी विचारायची आणि उत्तर ते जवळ जो कोणी पुरुष असेल त्याला द्यायचे.

एकदा घरात कोणीच नव्हतं. वरची टाकी गळत होती म्हणून फक्त प्लंबर आला होता. मी विचारलं, "उस्ताद, हे दोन कार्ब्युरेटर सारखे कसे करायचे?"

उस्तादांनी इकडे-तिकडे पाहिलं आणि प्लंबरला खाली बोलावलं. "देखो भाई, दोनों की साँस बराबर होनी चाहिए. एक ज़्यादा हवा खींचेगा तो दूसरा भूखा मरेगा. समझे?"

"जी," प्लंबर म्हणाला. त्याच्या हातातून पाणी ठिबकत होतं.

असा अर्धा तास. मी मागे उभी राहून वहीत सगळं उतरवून घेतलं. शेवटी मी म्हटलं, "उस्ताद, गाडी माझी आहे. मला सांगा ना."

उस्ताद प्लंबरलाच म्हणाले, "भाभीजी से कहो, आप फिक्र न करें."

पुढच्या आठवड्यात प्लंबर टाकीचं झाकण बसवायला आला. आल्या-आल्या त्याने विचारलं, "मैडम, वो दूसरे वाले की साँस ठीक हुई?"

टाकी अजून गळते आहे.

*

बॅटरीवाला देवास गेटचा. या गाडीचं वायरिंग जुन्या विलायती पद्धतीचं, म्हणजे बॅटरीची प्लसची तार बॉडीला जोडायची. आजच्या गाड्यांच्या नेमकी उलट. मिलिंदने बॅटरीच्या ट्रेवर पांढऱ्या रंगाने लिहून ठेवलं होतं: 'प्लस बॉडीला.' मी बॅटरीवाल्याला ते वाचून दाखवलं. पुन्हा हिंदीत सांगितलं. मग फोन आला म्हणून पाच मिनिटं आत गेले.

परत आले तर त्याने आपल्या पद्धतीने बॅटरी जोडली होती आणि ट्रेवरची अक्षरं स्क्रूड्रायव्हरने खरवडून काढली होती.

"हे काय केलंत?"

"मैडम, किसी ने गलत लिख दिया था. आगे जाके कोई पढ़ लेता तो नुकसान हो जाता."

मिलिंदचं अक्षर फार चांगलं होतं. आता तिथे 'बॉ' तेवढा उरला आहे.

मी फक्त म्हटलं, "लाइट लावून बघा."

त्याने लाइट लावले. करंटचा काटा जिकडे जायला हवा त्याच्या बरोबर उलट्या बाजूला गेला. त्याने मीटरच्या काचेवर दोनदा टिचकी मारली. मला वाटलं, आता तरी माणूस ओशाळेल.

"तीस साल का तजुर्बा है, मैडम," तो म्हणाला. "ऐसा करते हैं, मीटर उल्टा कर देते हैं!"

*

हे सगळे निदान गाडीला हात लावणारे. काही जण नुसतं बोलून जायचे.

शेजारच्या एक बाई. दर गुरुवारी येऊन बसायच्या. एकदा त्यांनी आवाज खाली आणून सांगितलं, "राग मानू नका, पण ही गाडी चांगली नाही. हिनेच घेतलं त्यांना. चार वर्षं त्यांचं रक्त पीत होती." आणि मी काही विचारायच्या आत त्यांनी पर्समधून चार लिंबं काढली आणि चारही चाकांखाली एकेक ठेवलं. "आठ दिवस हलवू नका."

मी सांगते, त्या सात महिन्यांत मला सगळ्यात जास्त राग आला तो त्या दिवशी. बरण्यांच्या वेळी नाही, बॅटरीच्या वेळी नाही. मिलिंदने चार वर्षं जी एक गोष्ट आनंदाने केली, तिलाच ही बाई बोल लावत होती, आणि माझ्याच अंगणात.

मी म्हटलं, "बसा. ऊन फार आहे. काहीतरी थंड आणते."

सरबत त्यांना आवडलं. दुसरा ग्लासही घेतला. "किती रसाळ लिंबं हो! कुठून आणता?"

"आणली नाहीत," मी म्हटलं. "चाकांखाली होती."

त्यानंतरचे गुरुवार फार शांत गेले.

*

आता शेवटचं.

रोटर आला, बॅटरी मी स्वतः नीट जोडली, पेट्रोल येत होतं, स्टार्टर इंजिन फिरवत होता. पण ठिणगी नाही! उस्तादांनी प्लग बदलले, पॉइंट बदलले, कंडेन्सर बदलला. करंट ठिणगी तयार करणाऱ्या कॉइलपर्यंत येत होता आणि तिथेच बसत होता. कॉइल तापायची. एक जळली, दुसरी जळली, तिसरीही जळली. वायरिंग मिलिंदने जुन्या पद्धतीने कापडी टेपमध्ये असं बांधलेलं की कुठली तार कुठे जाते ते फाडल्याशिवाय कळू नये, आणि ते फाडायला मी तयार नव्हते.

नवरात्र बसलं तेव्हा मी वरच्या मजल्यावर राहणाऱ्या भावोजींकडे गेले.

"भावोजी, तुम्ही दोघं ही गाडी इतकी वर्षं चालवत होतात. सुरू करताना काही वेगळं करावं लागायचं का? आठवा जरा."

"छे हो वहिनी!" ते म्हणाले. "चालवायचा दादाच. मी आपला शेजारी बसायचो. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही."

दसऱ्याच्या सकाळी क्रेन आली. रिसॉर्टचा माणूस आला. उस्तादही आले, त्यांनी बॉनेटवर झेंडूचा हार घातला आणि तिथेच उभे राहिले. मी किल्ली मुठीत धरून होते. द्यायची ती शेवटी, सगळं झाल्यावर, असं ठरवलं होतं.

शेडमधून गल्लीपर्यंत गाडी ढकलत न्यायची होती. क्रेनवाला म्हणाला, "कोई स्टेअरिंग पे बैठो."

"मी बसतो," भावोजी म्हणाले. उंच माणूस, पण दार न उघडता सराईतासारखे आत उतरले. सीट मागे सरकवली. आरशाला जरासा हात लावला. आणि मग त्यांचा उजवा हात डॅशबोर्डच्या खाली, पार मागे, वायरींच्या जुडग्यामागे गेला, आणि तिथे टक् असा आवाज झाला.

फार बारीक आवाज. पण बॉनेटजवळ उभ्या असलेल्या उस्तादांनी मान वर केली.

ते आले, वाकले, टॉर्च लावून पाहिलं. "चोर स्विच है," ते हळूच म्हणाले. गाडी चोरीला जाऊ नये म्हणून लपवलेलं बटण. ते एका बाजूला असेल तर ठिणगी पडतच नाही, कॉइल नुसती तापत बसते. नवं वायरिंग करतानाही मिलिंदने ते होतं तिथेच ठेवलं होतं. मला त्याने ते कधी सांगितलं नव्हतं. तो राग वेगळा, आणि तो मी कोणावर काढणार?

भावोजींचा हात अजून डॅशबोर्डखालीच होता.

मी त्यांच्या अंगावरून वाकले, किल्ली लावली आणि फिरवली. इंजिन दोनदा खोकलं, थांबलं. पुन्हा फिरवली. धरलं! शेडचे पत्रे थरथरायला लागले. झेंडूचा हार घसरून खाली पडला. रिसॉर्टचा माणूस क्रेनवाल्याकडे बघायला लागला, क्रेनवाला माझ्याकडे.

"वहिनी," भावोजी म्हणाले. "ते आपलं... हात आपोआपच..." आणि दार उघडून उतरायला लागले.

मी दार बाहेरून दाबून धरलं.

"उतरू नका," मी म्हटलं. "पलीकडे सरका. तुम्ही शेजारी बसायचात ना?"