पोह्यांवरचे मटार

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही — तो पोट धरून हसला असता आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीला कळलं असतं. तुम्ही हसलात तरी चालेल. गोष्ट पोह्यांचीच तर आहे! पण पोह्यांवरून कुणी इतकं खोटं बोलतं का?

मी बोलले.

आम्ही नागपूरचे. नवरा रेल्वेत, त्याची बदली झाली आणि आम्ही बनारसला आलो. बालाजी घाटाजवळ काकूंच्या घरी वरच्या मजल्यावर भाड्याने राहतो. काकूंचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलंच. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी — आणि स्वयंपाकघरात दोन्ही. त्यांचे पोहे खाल्ले की ते कळायचं. तुपाची फोडणी, आलं, मिरपूड, वर परतलेले कोवळे मटार — इथले लोक चूडा-मटर, म्हणजे मटार घातलेले पोहे, करतात तसे — आणि त्यावर खोबरं, घाटावरच्या मंगला गौरीच्या देवळात वाढवलेल्या नारळाचं. खरं सांगू? त्या पोह्यांच्या वासाने मी जिना धावत उतरायचे.

मग असं का केलं?

पोह्यांवर काय घालावं यावरून माणसं किती पटकन नाक मुरडतात, तुम्हाला ठाऊक आहेच. इंदूरवाल्यांना शेव हवी, पुण्याला खोबरं-कोथिंबीर. नागपूरला आम्ही वर तर्री ओततो — चण्याची, लालभडक, डोळ्यांतून पाणी काढणारी. माझ्या पुण्याच्या जावेने एकदा ते बघून चारचौघांत विचारलं होतं, हे पोहे आहेत की आमटी? मी हसले तेव्हा. पण ते मला लागलं होतं, चांगलंच लागलं होतं.

तर — बनारसमधली आमची पहिली संक्रांत. काकूंकडे हळदीकुंकू, आसपासच्या मराठी बायका जमलेल्या, पोह्यांचं कौतुक चाललेलं. तेवढ्यात काकूच माझ्याकडे वळल्या.

"आमचं काय गं, इथे राहून राहून सगळी खिचडी होऊन गेली. तू तर सीधी तिकडून आलीस नीलू. तू सांग, असली कसे करतात?"

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. जन्मात पहिल्यांदा मी — नागपूरची, 'करून राहिली' म्हणणारी — अस्सल महाराष्ट्र झाले होते! काय चढलं मला, काय सांगू. मी म्हणाले, मटार? छे, आमच्याकडे कुणीच घालत नाही. वर फक्त खोबरं, कोथिंबीर आणि लिंबू. जावेचे पोहे मी माझे म्हणून खपवले. तर्रीचं नावही काढलं नाही. आणि मटार? थंडीत माझी आई मूठभर टाकायचीच की.

काकूंचा चेहरा उतरला. मग "अच्छा, अच्छा" म्हणाल्या, आणि त्या दिवसापासून त्यांच्या पोह्यांतले मटार बंद झाले. त्यांचं बघून शेजारणींचेही. आता आमच्या गल्लीतले मराठी पोहे थेट पुण्याला शोभतात. आणि मी? मी भाजीच्या निमित्ताने बाहेर पडते आणि ठेल्यावर उभी राहून चूडा-मटर खाते. पदराआड तोंड लपवून — न जाणो, काकू यायच्या!

इतकंच असतं तर कधीच हसत हसत सांगून टाकलं असतं. पण — कसं लिहू? — गेल्या थंडीत काकूंच्या नातीला बघायला पुण्याहून पाहुणे आले. मदतीला मी होतेच. पोह्यांच्या बशा आल्या तशी मुलाची आई हसून म्हणाली, "अहो, आम्हाला वाटलं होतं, बनारसला आलोय तर मटारवाले पोहे मिळतील!"

"ते आमच्या सासूबाई करायच्या," काकू म्हणाल्या. "त्यांना बिचाऱ्यांना कुठे काय मालूम होतं! उभी जिंदगी गलत करत राहिल्या. मीही तेच करायची, आता शरम वाटते. या नीलूने सुधारलं. क्यों नीलू?"

काकू लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांना चहासुद्धा करता येत नव्हता. सगळं सासूबाईंनी शिकवलं, कधी आवाज न चढवता — हे त्यांनीच मला किती वेळा सांगितलंय, डोळे पुसत. त्याच सासूबाईंना त्या परक्या माणसांपुढे अडाणी ठरवत होत्या. माझ्या शब्दावर. मला आतून मेल्याहून मेल्यासारखं झालं. एक वाक्य पुरलं असतं, नाही का? पाहुण्यांनाही मटारच हवे होते!

सगळे माझ्याकडे बघत होते.

"हो," मी म्हणाले, "असेच करतात." आणि मुलाच्या आईच्या बशीत आणखी थोडं खोबरं भुरभुरवलं.