आईचे डोळे दादानं उघडले

माझं एकच चित्र सरकारी भिंतीवर लागलं, आणि त्याच्या कोपऱ्यात नाव दुसऱ्याचं आहे. ही गोष्ट मी फारशी कुणाला सांगत नाही. सांगायला गेलं की लोक विचारतात, मग तेव्हाच का नाही बोललास? त्याचं उत्तर द्यायला पार दुष्काळापासून सुरुवात करावी लागते आणि तेवढा वेळ चहाच्या हॉटेलात कुणाला नसतो.

आमचं गाव हदगावकडचं. त्या दुष्काळात विहिरीतला गाळसुद्धा वाळला होता. आई रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायची. तिथं मिळणारी सुकडी स्वतः न खाता ती पदरात बांधून घरी आणायची. मी तिच्याजवळ बसून सपाट दगडांवर कोळशानं माणसं काढत बसायचो. एक दिवस मुकादमानं दगड उचलला, तर त्यावर तोच, पोटासकट. मला वाटलं आता मार बसणार. पण तो आईला म्हणाला, “ह्याला हितं कशाला वाळवून राहिलीस? नांदेडला धाड. माज्या वळखीचा पेंटर हाय.” असा मी नांदेडला आलो.

तो पेंटर म्हणजे आमचा उस्ताद. एका टॉकीजच्या मागं पत्र्याच्या शेडमध्ये तो सिनेमाची मोठमोठी पोस्टरं रंगवायचा. आम्ही पाच जण हाताखाली. एक जण खडूनं चौकटी आखणार, दुसरा पार्श्वभूमी भरणार, तिसरा कपडे, चौथा अक्षरं. चेहरे हळूहळू माझ्याकडे आले. डोळे मात्र कुणाकडे नव्हते. पोस्टर पूर्ण होईपर्यंत नट आणि नट्या पांढऱ्या, कोऱ्या डोळ्यांनी उभे असायचे. मग उस्ताद विडी विझवायचा, चूळ भरायचा, बारीक ब्रश ओठांत धरून टोक काढायचा आणि डोळे उघडायचा. त्याला आमच्यात डोळे उघडणंच म्हणत. रस्त्यावरचे लोक ते बघायला सायकली थांबवायचे.

उस्तादाचे दोन नियम होते. पहिला, “आंखां जो खोला, नाम उसका.” म्हणून अंग आम्ही भरलं तरी खाली नाव त्याचंच यायचं, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. दुसरा, “अपने घर के आदमी की आंखां अपन नइ खोलना. हात झूट बोलता.” त्याचं म्हणणं असं, की आपल्या माणसाचे डोळे आपण काढायला बसलो की हात त्यांना गोड करतो, आहेत तसे काढत नाही. बाहेरच्या माणसानंच ते उघडावेत.

आम्हा पाचांत सगळ्यात जुना होता तो दादा. वयानं माझ्याहून तीनच वर्षं मोठा, पण शेडमध्ये माझ्या आधी आलेला, म्हणून दादा. त्याची आई तो लहान असतानाच गेली होती. माझी आई दोन-तीन महिन्यांनी एसटीनं यायची, तेव्हा तिच्या गाठोड्यात दोन वेगळ्या फडक्यांत भाकरी असायच्या, एक माझं, एक त्याचं. एकदा त्याला टायफॉइड झाला. आई आठ दिवस शेडमध्ये राहिली, त्याच्या कपाळावर ओल्या घड्या ठेवत. मी तेव्हा मनातून जळत होतो, हे कबूल करतो. तेव्हापासून तो तिला आई म्हणायला लागला, आणि ती लोकांना सांगायची, “मला दोन हायेत. थोरला नांदेडातच गावला.”

उस्ताद गेला आणि शेड मोडली. त्याच सुमारास लातूरचा नवा जिल्हा झाला. रंगाऱ्यांच्या दृष्टीनं जिल्हा होणं म्हणजे काय, तर पाट्या. शाळा, दवाखाने, सोसायट्या, पंचायती, जिथं जिथं खाली ‘जि. उस्मानाबाद’ होतं तिथं तिथं ते पुसून ‘जि. लातूर’ करायचं. दादा म्हणाला, चल. आम्ही दोघंही लातूरला गेलो. दोन वर्षं मी एकच शब्द लिहिला असेन. बाकीचं गाव तेच, माणसं तीच, पाण्याची बोंब तीच. आम्ही फक्त शेवटची ओळ बदलत हिंडलो.

लातूरला आम्ही आठ-दहा पेंटर गंजगोलाईजवळच्या एका हॉटेलात शुक्रवारी दुपारी जमायचो. त्याचंच पुढं कला मंडळ झालं. अध्यक्ष अर्थात दादा, कारण बोलता त्यालाच यायचं. आम्ही बाकीचे जरा सरळ रेघ मारणारे लोक. मंडळात उस्तादाचे नियम दादानंच चालू केले. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीचं मोठं चित्र असलं, की मी चेहरा करायचो, चष्म्याची काडीही मीच ओढायचो, आणि चष्म्यामागचे डोळे दादा उघडायचा. त्याचा हात खरंच होता, हे नाकारलं तर मला पाप लागेल.

मग नव्या जिल्ह्याच्या कचेरीतून निरोप आला, की सभागृहाच्या दर्शनी भिंतीवर इथल्याच चित्रकाराचं एक चित्र लावायचं आहे, विषय दुष्काळ. मंडळातल्या सगळ्यांनी कच्ची रेखाटनं दिली. माझं निवडलं गेलं. मी आईचं काढलं होतं. खडीच्या ढिगावर बसलेली, हातोडी वर उचललेली, आणि पदराला सुकडीची गाठ. सरकारी कागदावर आईचं नाव आजवर फक्त मस्टरवर आलं होतं, तेही अंगठ्यासमोर. आता ती स्वतःच कचेरीच्या भिंतीवर बसणार होती आणि खाली तिच्या मुलाचं नाव येणार होतं. याहून मोठं काही माझ्या डोक्यात तेव्हा नव्हतं, आणि खरं सांगायचं तर नंतरही कधी आलं नाही.

चार महिने मी ते चित्र केलं. हात, पाय, पायातली फाटकी चप्पल, नखांत बसलेली धूळ, सगळं आलं. डोळे राहिले. मी तीनदा काढले आणि तीनदा टर्पेंटाइननं पुसले. प्रत्येक वेळी आई हसरी व्हायची, आणि खडी फोडताना आई हसायची नाही. उस्ताद खोटं बोलत नव्हता. मी दादाकडे गेलो.

“आईचे डोळे तुम्ही उघडा,” मी म्हणालो.

तो म्हणाला, “उघडतो. तू आईला आणायला जा. उद्‌घाटनाला ती पायजे. चित्र मी नेतो कचेरीत, वार्निश करून.”

इथंच माझं डोकं चाललं नाही. खाली नाव घालायचं राहिलंय, हे मला आठवत होतं. पण ते वार्निशच्या आधी घालावं लागतं, हे जगातल्या कुठल्याही पेंटरला कळतं, आणि मला आईला आणायच्या घाईत कळलं नाही. मी एसटी पकडली.

गावाहून आईला घेऊन यायला दोन दिवस गेले. हदगाव, नांदेड, मग लातूर. कचेरीत पोचलो तेव्हा आईच्या अंगावर धुळीचा थर बसला होता. ती बाहेर नळावर तोंड धूत बसली, आणि चित्र कसं लावलंय ते पाहायला मी आत गेलो. उजव्या कोपऱ्यात दादाचं नाव होतं. लाल रंगात, सुंदर वळणदार, वर वार्निश. दादा पांढरा शर्ट घालून चित्राशेजारी उभा होता आणि त्याच्या गळ्यात हार होता.

“दादा, हे काय?”

“काय म्हंजे?”

“नाव.”

“डोळे कोण उघडले?” तो अगदी हळू बोलत होता, पाहुण्यांना ऐकू जाऊ नये म्हणून. “उस्तादाच्या शेडमधी आपुन काय पाहिलं? अंग तू भरायचास. नाव कोणाचं यायचं?”

“ते सिनेमाचं पोस्टर होतं. ही माझी आई हाय.”

“माझी न्हाई का?”

याचा मला सगळ्यात जास्त राग आला. नाव घेतलंस ते घेतलंस, वर आईला पुढं केलंस. आईनं त्याच्या कपाळावर ठेवलेल्या घड्या मला आठवल्या, आणि त्या वेळी मी जळत होतो तेच बरोबर होतं असं वाटलं. मी मंडळाच्या लोकांकडे पाहिलं. सगळे तिथंच होते, ज्यांच्यासोबत वर्षानुवर्षं एक चहा दोघांत घेतला होता ते. चार महिने ते माझ्या खोलीवर येऊन हे चित्र बघत होते. एकजण म्हणाला, “नियम तर हाय बाबा.” बाकीचे पंख्याकडे बघत राहिले. केसानं गळा कापणं म्हणतात ते मी त्या दिवशी शिकलो, आणि कापणाऱ्यापेक्षा बघत बसणाऱ्यांचा मला आजही जास्त तिटकारा आहे. त्यानंतर मी त्या हॉटेलची पायरी चढलो नाही.

मी मोठ्यानं बोलणारच होतो. पाहुणे येत होते, खुर्च्या भरत होत्या, आणि मी आरडाओरडा केला असता तर निदान दहा लोकांना तरी खरं कळलं असतं. तेवढ्यात आई आत आली, ओलं तोंड पदरानं पुसत.

ती चित्रासमोर उभी राहिली. बराच वेळ उभी होती. दादाला तिथं उभं राहवलं नसावं, तो मागच्या मागं सरकून खुर्च्यांकडे गेला.

“चप्पल बी तीच काढलास,” ती म्हणाली. मग, “तुजं नाव कुटं लिवलंय?”

आईला वाचता येत नव्हतं. मी कोपऱ्यातल्या त्या लाल अक्षरांवर बोट ठेवलं.

“हे काय.”

तिनं ओल्या हातानं ती अक्षरं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चाचपली. दादाचं नाव माझ्या नावापेक्षा लांब आहे. मग ती पुन्हा वर बघायला लागली, स्वतःच्या डोळ्यांकडे. मीही तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिलं. त्यात हसू नव्हतं. भूक होती, आणि ती लपवायची सवय होती. पदराची गाठ सोडून सुकडी मला देताना आई जशी बघायची, तसे ते होते. त्या डोळ्यांत एकही रेघ खोटी नव्हती.

“बाकीचं कुनालाबी जमलं आसतं,” आई म्हणाली. “डोळे मातर लई बरोबर काढलास. पोटच्या लेकराबिगर कुनाला जमायचे न्हाईत हे.”

दादा पहिल्या रांगेत, चार हातांवर बसला होता. त्याला ऐकू गेलं, त्यानं मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं.

मी मान डोलावून आईला म्हणालो, “हाव.”