खोळ उतरलेली माय

सरळच सांगते. त्या माणसाविरुद्ध मी पत्रक काढलं होतं. मथळा होता, ‘देव उन्हात, साहेब पंख्याखाली!’ अमरावतीतल्या एका छोट्या संग्रहालयाच्या आवारात यादवकाळातल्या मूर्ती गवतात पडलेल्या, आणि अभिरक्षक आत खुर्चीत. माझं डोकं फिरलं. बसस्टँडवर उभी राहून मी ते पत्रक स्वतः वाटलं.

तिसऱ्या दिवशी तेच अभिरक्षक आमच्या संघटनेच्या खोलीवर आले. निवृत्तीला वर्ष उरलेलं, हातात कापडी पिशवी, पिशवीत माझं पत्रक.

“मथळा झकास आहे,” म्हणाले. “शेडसाठी मी इतके अर्ज केले, पण असं एक वाक्य मला सुचलं नाही. फक्त तू ज्याला विष्णू लिहिलंस तो सूर्य आहे. पायथ्याला सात घोडे आहेत.”

“मला नाही दिसले.”

“गवत बाजूला करायचं असतं, पोरी.”

लाज वाटली की नाही? वाटली. पण त्याहून जास्त राग आला, की हा माणूस चिडत का नाही. पुढच्या रविवारी मी त्यांच्यासोबत एसटीत होते.

तीस वर्षं सर वऱ्हाडातल्या मध्ययुगीन मूर्तींची सूची करत होते. कुठे पाराला टेकवलेली देवी, कुठे विहिरीच्या पायरीत बसवलेला भैरव, कुठे धुणं आपटून गुळगुळीत झालेला द्वारपाल. गावात शिरलं की आधी चप्पल काढायची, मग जो पूजा करतो त्याला विचारायचं, मग टेप, शेवटी कॅमेरा. त्यांच्या टिपणांवर दुसऱ्यांचे प्रबंध झाले. मी असते तर एकेकाला चव्हाट्यावर आणलं असतं. ते म्हणायचे, “मूर्ती तर जागेवरच आहे ना?”

त्या सूचीत एकच नोंद कोरी होती. चांदूर रेल्वेच्या पुढे एक गाव आहे. नाव लिहिणार नाही, तसं कबूल केलंय. तिथे शेंदराखाली झाकलेला पुरुषभर उंचीचा दगड आहे. गाव त्याला माय म्हणतं. फुलमाळ्याच्या घरातली एक काकू दर मंगळवारी जवसाच्या तेलात शेंदूर कालवून तिला लावते. थरावर थर चढतात, वर्षानुवर्षं. मग एखाद्या उन्हाळ्यात ती सगळी खोळ तडकून आपोआप गळते. खोळ नदीत सोडतात आणि दिवस मावळायच्या आत माय पुन्हा शेंदराने झाकतात. मधल्या वेळेत पडदा. कारण माय तेव्हा न्हाऊन बसलेली असते.

सर त्या खोळीच्या गळण्याची वाट पाहत होते. खरवडून पाहा ना, असं मी म्हटलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी विषय बदलला.

काकूने त्यांना शब्द दिला होता. “खोळ पडली का फोन करतो, सायेब. पडद्याआड एक घडी पाहून घ्या. फोटू पन काढा, तुमी काई वाईट माणूस नाई.”

त्या गावाहून परतताना बसमध्ये सर म्हणाले, “शेंदराखालून चार हात जाणवतात. कोपराची ठेवण पाहता विष्णू असावा. पण हा अंदाज आहे. अंदाज छापायचा नसतो.”

मी छापला.

का? तर गावात नव्या देवळाचा घाट होता, दगडाला सिमेंटात बसवून भोवती टाइल्स लावणार होते. ते थांबवायला मी पत्रक काढलं, ‘तुमची माय म्हणजे प्राचीन विष्णू! जागे व्हा!’ गाव जागं झालं. मी आठवडी बाजारात पत्रकं वाटत होते आणि काकू फुलांच्या टोपलीमागून उठून आली.

“काहून वं? तुयी माय बाई हाय का बुवा, हे आमी कागद छापून इचारतो काय?”

मी माफी मागितली. ती म्हणाली, “तोंडानं नाई. कागदावर बोलली, तं कागदावरच माफी माग.” मग मी माफीचं पत्रक काढलं, त्याच बाजारात वाटलं. लोक हसत होते. एक म्हातारा म्हणाला, “बाई, हे जरा लहान अक्षरात छापलं वाट्टे.” खरंच लहान होतं.

सिमेंटचं काम लांबलं, माझ्यामुळे नाही, आपसातल्या भांडणामुळे. आणि वैशाखात खोळ पडली. काकूने सरांना फोन केला. “या. पन एकटे या. त्या कागदवालीले आनू नका. कॅमेरा नाई. अन् पाह्यलं ते कोनाले सांगाचं नाई.”

आधी फोटोला हो म्हणणारी बाई आता हे म्हणत होती. मधे फक्त माझं पत्रक आलं होतं. सर पडद्याआड बसले. किती वेळ, मला ठाऊक नाही.

सूची अकोल्याच्या छापखान्यात गेली, तेव्हा मुद्रितं तपासायला मी सोबत होते. ती नोंद आली. वर फक्त तालुक्याचं नाव, खाली दोन ओळी: ‘माय. शेंदूरपूजेत आहे. वर्णन दिलेले नाही.’

“सर, तीस वर्षं! तुम्ही पाहिलंय ना?”

“पाहिलं.”

“मग अभ्यासाशी ही बेईमानी नाही?”

“‘दिलेले नाही’ असं छापलंय. खोटं कुठे लिहिलं?” चष्मा पुसत म्हणाले, “तिने मला आत घेतलं, ते अभ्यासक म्हणून नाही. माणूस म्हणून.”

मी भांडले. म्हटलं, उद्या टाइल्स लागल्या तर कुणालाच कळणार नाही. ते म्हणाले, हो, तसं होऊ शकतं. या वाक्याची किंमत त्यांना ठाऊक होती.

शेवटी विचारलंच. “निदान मला एकटीला सांगा. अंदाज बरोबर निघाला का?”

ते हसले. “पोरी, तू पत्रकं छापतेस.”

आणि पुढचं पान माझ्याकडे सरकवलं. “हा रिद्धपूरकडचा नरसिंह. मापं मोठ्याने वाच, मी वहीशी ताडून पाहतो.”

मी वाचायला लागले.