पदराची गाठ

परळच्या आमच्या चाळीत जयंतीच्या उत्सवाचं जेवण एका मावशींच्या भरवशावर असायचं. वहीबिही काही नाही. प्रत्येक कामाची पदराला एक गाठ मारायच्या आणि काम झालं की ती दातांनी सोडायच्या.

एका वर्षी सगळे जेवून उठले, तरी एक गाठ उरली. कशाची, ते त्यांना आठवेना.

"असू दे गं मावशी," आम्ही म्हटलं.

"असू दे कशी? कोणाचं तरी राहिलंय."

"तुमचं काही राहिलं का?" विचारत त्या दारोदार गेल्या. शेवटच्या खोलीत अंथरुणाला खिळलेले काका ताटाची वाट बघत होते.

आज ऑफिसात माझ्या हाताखाली बारा माणसं आहेत. फोनमधली कामांची यादी रोज पूर्ण होते. तरी निघताना बोटं ओढणीचं टोक चाचपत राहतात.