विटांवरच्या खाटा

रोज सकाळी वॉर्डात शिरली की कालिंदी रक्तदाबाच्या यंत्राचा पट्टा आधी स्वतःच्या दंडाला गुंडाळायची. मग रबरी फुगा दाबायचा, कानांत नळ्या घालायच्या आणि पाऱ्याकडे टक लावायची. पारा चढायचा, थबकायचा, हळूहळू उतरायचा. आपला आकडा कालच्यासारखाच आला, की ती पट्टा सोडून पहिल्या खाटेकडे वळायची.

"आधी सोताचंच बघा बाई. आमी काय, ऱ्हायलो तर ऱ्हायलो, गेलो तर गेलो," तिथून जोतीराम ओरडायचा.

"यंत्र शुद्धीवर आहे का ते बघते. तुमचं नंतर."

कोल्हापुरातल्या त्या लहानशा खाजगी इस्पितळात ती एकोणीसशे एकोणपन्नास साली नर्स म्हणून लागली. वडील शाळेत संस्कृत शिकवायचे. त्यांनी हो म्हटलं, पण माई कित्येक महिने लेकीशी धड बोलली नाही. "मॅट्रिक झालेली पोरगी, आणि परक्यांची अंगं पुसते," एवढंच ती चुलीला सांगायची. कालिंदी वाद घालत नसे. घरी आली की आधी आंघोळ करायची, मगच स्वयंपाकघरात पाऊल टाकायची, आणि जेवतानाही तिच्या डोळ्यांपुढे पारा वरखाली होत असायचा.

दोन वर्षांनी, हिवाळ्यात, डॉ. हेरवाडकरांनी एक प्रयोग काढला. ते मुंबईला शिकून आलेले, तिशीच्या आतले. आजारातून उठलेली काही माणसं आडवी असताना ठणठणीत असतात, पण उभी राहिली की त्यांचा रक्तदाब एकदम उतरतो, डोळ्यांपुढे अंधारी येते आणि ती कोसळतात. अशांना रात्रभर डोकं उंच ठेवून निजवलं तर शरीरातलं मीठ-पाणी टिकून राहतं आणि सकाळी उभं राहणं जमतं, असं त्यांनी परदेशच्या एका मासिकात वाचलं होतं. वॉर्डातल्या सगळ्या खाटांच्या उशा उत्तरेच्या भिंतीला होत्या. निम्म्या खाटांच्या उशाकडच्या पायांखाली विटा ठेवल्या, निम्म्या तशाच सपाट. जेवण सगळ्यांना सारखं, मीठ घातलेलं ताकही सारखं. सकाळी प्रत्येकाचा रक्तदाब एकदा निजवून घ्यायचा, एकदा उभं करून.

जोतीराम विटांवरच्या खाटेवर होता. तो नाटकांचे पडदे रंगवायचा. विषमज्वरानं त्याला खाटेला खिळवलं, आणि ताप गेल्यावर उभं राहण्याचं बळच घेऊन गेला. कंपनीचे मालक गणपतराव पाडव्यापर्यंत थांबणार होते. नंतर पडदा दुसऱ्याकडे.

"बसून नाही का रंगवता येणार?" कालिंदीनं विचारलं होतं.

"बाई, आभाळ काय बसून रंगवत्यात व्हय? पडदा टांगल्याला असतो. खालच्या वितभर गवतापत्तोर माझा हात पोचंल!"

"मग उभे राहाल तुम्ही," ती म्हणून गेली होती.

तीन आठवडे झाले आणि नवल घडलं. विटांवरची माणसं सपाट खाटांवरच्यांपेक्षाही लवकर कोसळू लागली. जोतीराम उभा राहिला की पारा सत्तरपर्यंत घसरायचा आणि कालिंदी त्याला धरायची. डॉक्टरांचा चेहरा उतरला. "शनिवारपर्यंत बघू. मग विटा काढा आणि यांना घरी जाऊ द्या."

जोतीरामनं ते ऐकलं. चादर डोक्यावर ओढून तो भिंतीकडे वळला.

शुक्रवारी आया आली नव्हती, म्हणून चादरी कालिंदीनंच बदलल्या. जोतीरामची उशी उचलली तर खालची चादर कोरी, परीटघडीची. आणि पायथ्याशी खोबरेल तेलाचा पिवळट गोल डाग. तिनं शेजारची खाट बघितली. तिथंही पायथ्याशीच. तिसऱ्या खाटेकडे ती जवळजवळ धावली.

"जोतीराम, रात्री डोकं कुठं करता?"

जोतीराम छताकडे बघू लागला. त्याची बायको अंबूबाई भाकरी घेऊन आली होती, तिनंच तोंड उघडलं. "खालतीकडं, आनि कुटं? उत्तरंला डोकं करून मढं ठेवत्यात, बाई! माझा धनी जित्ता हाय अजून."

"मग सांगायचं नाही?"

"डाक्टरांनी हौसंनं विटा लावल्या. त्यास्नी वाईट वाटलं असतं की," जोतीराम पुटपुटला. "दिवसा तुमच्या मनासारखं निजायचं. दिवा गेला की फिरायचं. सगळीच फिरत्यात."

"म्हणजे रात्रभर पाय वर आणि डोकं खाली!" कालिंदीला हसू फुटलं, आणि हसता हसताच ती दार न वाजवता डॉक्टरांच्या खोलीत शिरली.

ऐकून डॉक्टर ताडकन उठले. "काय हा अडाणीपणा!"

"डॉक्टर, तुम्ही घरी डोकं कुठं करून निजता?"

"दक्षिणेला," डॉक्टर परत खुर्चीत बसत म्हणाले. "आई अंथरूण घालते."

"मीही दक्षिणेलाच. आणि खाटा आपण दोघांनीच लावल्या."

मग दोघंही खोखो हसले. डॉक्टरांनी बाह्या सारल्या, विटा उचलून स्वतः दक्षिणेकडच्या पायांखाली लावल्या. कालिंदी उशा फिरवत गेली. "उलट निजलं तर बिघडतं, हे तरी कळलं," ती म्हणाली. पण डॉक्टरांनी मान हलवली. "ठरवून केलेलं नव्हतं ते, सिस्टर. मोजायचं नाही. पुन्हा पहिल्यापासून."

नव्या मोजणीत पहिले काही दिवस पारा हट्टी राहिला. मग एका सकाळी जोतीराम उभा राहिला तेव्हा ऐंशीवर थांबला. पुढच्या आठवड्यात नव्वद. कालिंदी घरून जवळजवळ पळतच यायची. एके संध्याकाळी, कधी नव्हे ते, माईनं विचारलं, "आज किती?" आणि एका सकाळी शंभराच्या खाली पारा उतरलाच नाही. तिनं पुन्हा मोजलं. पुन्हा एकदा मोजलं. सगळा वॉर्ड उठून बसला होता.

"दंड सोडा की बाई, निळा पडंल!"

"अंधारी येते का?"

"अंधारी न्हाय. तुमचं तोंड दिसतंय. रडताय कशापाय?"

विटांवरच्यांपैकी दोघं मात्र होते तसेच राहिले. एवढ्या थोड्या माणसांवरून काही सिद्ध होत नाही, असं डॉक्टर बजावत होते. पण सांगता सांगता त्यांनीही जोतीरामचा दाब पुन्हा एकदा मोजला.

पाडव्याआधी, एका दुपारी, कालिंदी नाटकगृहात गेली. शिरोळच्या नव्या दवाखान्यात तिची नेमणूक झाली होती आणि गाडीला थोडाच अवकाश होता. रंगमंचावर पडदा टांगलेला, अर्धा निळा. जोतीराम शिडीच्या तिसऱ्या पायरीवर, हात डोक्याच्या वर, कुंचला लांबवर ओढत होता. खाली अंबूबाई शिडी धरून बसली होती, धरायची गरज नसतानाही. कालिंदीच्या मनात पुष्कळ बोलायचं होतं. पुढं त्यांची कधी गाठ पडली नाही, पण त्या दुपारी हे कुणाला ठाऊक असणार?

पिशवी काखेत मारून ती म्हणाली, "जोतीराम, तो डावीकडचा ढग जरा पुसा, नारळासारखा दिसतोय. चला, माझी गाडी चुकेल."