यातलं कोणतं बी एक

सत्तरच्या दशकात आमच्या भागात बालवाड्या निघाल्या आणि आक्काला तिथे बाई म्हणून लागायची संधी आली. दाजी वारल्यापासून ती माहेरीच होती आणि बसून खाणं तिला जड जात होतं. अडलं होतं फक्त सातवीच्या दाखल्यावाचून, आणि तो त्याच संध्याकाळपर्यंत भोकरदनला पोचवायचा होता. म्हणून सकाळीच आम्ही दोघं तिच्या जुन्या शाळेत जाऊन बसलो.

हेडमास्तरांनी जुनं दाखल-खारीज रजिस्टर काढलं. पोरं ज्या क्रमाने शाळेत आली त्या क्रमाने नोंदी. जन्मतारखेवरून शोधावं, तर त्या वेळच्या गुरुजींनी सगळ्या गावाला एक जूनलाच जन्माला घातलेलं. वडिलांच्या नावावरून बघावं, तर त्या नावाचे पाच-सहा बाप. उरलं तिचं नाव. आक्काने सासरचं नाव सांगितलं. हेडमास्तरांनी सगळी पानं चाळली. मग तिने माहेरचं सांगितलं. पुन्हा पहिल्या पानापासून. ती तिसरं सांगायला लागली तेव्हा ते वैतागले. बाई, आधी तुमचं नाव ठरवून या, म्हणाले. माझं डोकंच फिरलं. लग्नात ताटातल्या तांदळावर नवं नाव लिहून जुनं पुसायचं गावाने, आणि हिशेब मागायचा बाईला! पण आक्काने माझा हात दाबला आणि त्यांच्याकडून एक कोरा कागद मागून घेतला.

त्यावर तिने आपली नावं एकाखाली एक लिहिली. सासरचं, माहेरचं, आईचं लाडाचं, आजोबा हाक मारायचे ते. कागद रजिस्टरशेजारी सरकवून ती म्हणाली, "सर, सगळी एकदमच बघा. यातलं कोणतं बी एक सापडलं, तर ती मीच."

हेडमास्तरांना ते पटलं. एका ओळीवर बोट ठेवायचं, कागदाकडे बघायचं, पुढची ओळ. एकाच फेरीत रजिस्टर संपलं. काहीच जुळलं नाही. आक्का पदराचं टोक चाळवत बसली होती.

कागदावर नसलेलं एक नाव मला माहीत होतं. तिसरीही मुलगीच झाली, तेव्हा देवाला 'आता पुरे' असं सांगणारं नाव घरच्यांनी आक्काला ठेवलं होतं. पुढचा मुलगा व्हावा म्हणून. ती दुसरीत असताना मी झालो. नावाचं काम झालं, मग घरात तिला चांगलं नाव मिळालं. आईने हे मला कौतुकाने सांगितलं होतं.

"सर, आणखी एक आहे," मी म्हणालो आणि ते नाव सांगितलं. हेडमास्तर मुकाट्याने पहिल्या पानावर गेले. थोड्याच वेळात त्यांचं बोट थांबलं. वडिलांचं नाव बरोबर, गाव बरोबर.

दाखला घेऊन आम्ही एसटीची वाट बघत उभे राहिलो. तुला ते नाव आठवलं नव्हतं का, मी विचारलं.

"आठवलं न्हाई कसं? सात वर्षं त्याच नावाला हजर म्हणलंय मी."

"मंग लिहिलं का न्हाई?"

"तू शेजारीच बसला व्हता ना."

वाईट वाटलं, अजूनही वाटतं.

त्याच नावावर ती नोकरीला लागली आणि निवृत्त होईपर्यंत त्याच नावाने सही करत राहिली. तिच्या कागदावर 'आक्का' मात्र नव्हतं. तेही तिला माझ्यामुळेच मिळालं होतं, आणि त्या नावाने हाक मारली की ती अजून लगेच ओ देते.